डाग कुठला, विचारायचं नाही

१२ जानेवारी

मास्तरीणबाई,

तू लोकांना मोटार शिकवतेस आणि मी लोकांची धुणी धुते, तेव्हा बसून पत्र लिहायला दोघींनाही सवड नाही हे मला कळतं. पण फोनवर बोलायचं म्हणजे माझ्या मागे मशिनं घरघरतात आणि तुझ्या मागे माझा भाऊ कान टवकारून उभा असतो. नणंद-भावजयीनं त्याला वगळून चार गोष्टी बोलायच्या तर कागदच बरा.

इकडे सगळं ठीक. मोठ्या मशिनचा पट्टा तुटला, त्यामुळे हॉटेलच्या चादरी हातानं पिळाव्या लागल्या आणि खांदे भरून आले. इस्त्रीवाली सुट्टीवर गेली ती गेलीच. तुझ्या नवऱ्याच्या कोटावरची शाई निघाली, कोट पार्सलनं पाठवलाय. एवढी शाई कोटावर कशी सांडली ते मी विचारत नाही.

आता एक गंमत. मी पुन्हा वयात येतेय. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता मधूनमधून परत दिसायला लागलंय, थोडंसंच. छातीही जड वाटते. तोंडावर म्हणे तुकतुकी आलीय. समोरच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला, ताई, तुम्ही हल्ली लहान दिसायला लागलात. मी म्हटलं, साबण बदलला. चादर गार पाण्यात मीठ घालून भिजवली आणि डाग गेला. गरम पाणी लागलं की रक्त कापडात बसतं, हे मी तुला तुझ्या लग्नाच्या वर्षीच शिकवलं होतं, आठवतंय ना?

भावाला बोलू नकोस. बायकांचं काही कानावर पडलं की तो उठून पंखा पुसायला लागतो.

ताई


१८ जानेवारी

ताई,

कोट मिळाला. हे खूश आहेत, मी नाही. तुमची गंमत मी दोनदा वाचली आणि एकदाही हसू आलं नाही. नऊ वर्षांपूर्वी गेलेली पाळी परत येत नसते. या वयात तिथून रक्त आलं तर ते दाखवायचं असतं, धुवायचं नसतं.

माझ्या आईचं सगळं तुम्ही पाहिलंय. तिचं पोट फुगायचं, ती गॅसच्या गोळ्या खायची आणि आम्ही तिला चिडवायचो. अंडाशयाचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तो पोटभर पसरला होता. त्यानंतर ती किती थोडी राहिली तेही तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पत्रातली ती दोन वाक्यं वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भिंतीच्या दिशेनं निघाला की मी तो दाबते. तुमच्या बाबतीत माझ्या पायाखाली काहीच नाही, म्हणून कागदावर ओरडतेय. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा.

माझं बरं आहे. दिवसभर सीटवर बसून पोट सुटलंय, गाडीचा पट्टा आवळतो. हे म्हणतात, तू ताटात अर्धं टाकतेस आणि तरी फुगतेस, ही काय किमया आहे?

तुमची,
मास्तरीण


३० जानेवारी

मास्तरीणबाई,

तुझा ओरडा पोचला. एवढं जोरात ओरडलीस की चष्मेवाल्यालाही ऐकू गेलं असेल.

एक जुनी गोष्ट सांगते. आमचे हे होते तेव्हाची. एक बाई दर आठवड्याला उशांचे अभ्रे घेऊन यायची आणि त्यावर रक्ताचे ठिपके असायचे. यांना दया आली. यांनी काउंटरवरच विचारलं, बाई, नाकातून रक्त येतं का? तिनं गाठोडं उचललं आणि गेली. ती पुन्हा आली नाही, आणि तिच्या गल्लीतलं एकही गिऱ्हाईक आलं नाही. तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम पडला. डाग कशाचा ते आपण ओळखायचं, कुठून आला ते विचारायचं नाही. कपडा स्वच्छ करून घडी घालून द्यायचा. ह्या नियमावर आमचं दुकान इतकी वर्षं चाललंय.

माझ्या चादरीचंही मी तेच करते. सवयच लागलीय. तू काळजी करू नकोस. तुझ्या आईसारखं माझं काहीही नाही, जेवण जातं, झोप लागते, फक्त कमरेपाशी जरा जड वाटतं. हॉटेलांचा हंगाम संपला की दाखवीन.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

हंगाम खड्ड्यात गेला. तुमच्या उत्तराबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आली नाही तर तुमची दोन्ही पत्रं मी यांच्या ताटाशेजारी उघडी ठेवणार आहे. मग ते पंखे पुसायला थेट तुमच्या दुकानात येतील.

मी चेष्टा करत नाही.

मास्तरीण


२६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

गेले. चिठ्ठी सोबत आहे.

डॉक्टरीण तरुण आहे, माझ्या मुलीच्या वयाची म्हणावी अशी. तिनं विचारलं, कधीपासून जातंय? मला सांगता येईना. किती जातं, विचारलं. तेही सांगता येईना. प्रत्येक वेळी मी चादर भिजवली, डाग गेला आणि त्याबरोबर ती गोष्टही माझ्या डोक्यातून गेली. आठवून आठवून बघितलं तर मागच्या हिवाळ्यातही एकदा मीठ संपलं होतं. म्हणजे वर्ष तर झालंच. मी तिला म्हटलं, डाग सगळे निघाले हो. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "डाग निघाले, पण रक्त कुठून येत होतं?" आमच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात गाठ दिसली, चांगली मोठी. गर्भाशयाचं आतलं अस्तरही जाड झालंय. ती म्हणाली, काही गाठी स्वतःच बायकांचं हार्मोन बनवतात, म्हणून ही तुकतुकी आणि म्हणून हे रक्त. म्हणजे चष्मेवाला बिचारा गाठीचं कौतुक करत होता.

गाठ काढल्याशिवाय कसली आहे ते कळणार नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. मी घाबरलेय गं. इथे काउंटरवर उभी राहून हसते, आणि मागे वाफेच्या खोलीत गेले की एकच चादर पुन्हा पुन्हा मोडून घडी घालत बसते. आता भावाला सांग. पण तू ये. तो आला तर येऊ दे, पण तू ये.

ताई


३ मार्च

ताई,

यांना सांगितलं. पंखा पुसला नाही, सरळ बॅग भरायला घेतली. ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचतील आणि तुम्ही घरी येईपर्यंत राहतील.

मला येता येणार नाही. माझ्या शिकणाऱ्यांच्या लायसन्सच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात आल्यात आणि माझ्याऐवजी गाडीत बसायला दुसरं कोणी नाही. तुम्ही समजून घ्याल. मी इथून सारखी तुमच्याच पाठीशी आहे.

बाकी काय लिहू. हल्ली प्रत्येक शिकवणीत मला एकदा तरी गाडी पेट्रोल पंपाशी थांबवून आत पळावं लागतं. पोरं हसतात. म्हणतात, बाई, पार्किंग आम्हाला एवढं छान जमलं ते तुमच्या कृपेनं. तुम्हाला हसवायला लिहिलं. जेवत जा.

मास्तरीण


४ एप्रिल

मास्तरीणबाई,

मी घरी आले. टाके निघाले. तुझा नवरा माझी इतकी सेवा करून गेला की शेजारणी विचारत होत्या, हा भाऊ भाड्यानं मिळतो का? त्याच्या हातचं सूप मात्र कुणी भाड्यानंही घेणार नाही.

गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. पण नेहमीचा नाही. त्याचं नाव ग्रॅन्युलोसा सेल. अंडाशयाच्या शंभर कॅन्सरांत जेमतेम चार-पाच असे निघतात म्हणे. हा सावकाश वाढतो, आणि हार्मोनमुळे रक्त जायला लागतं म्हणून पुष्कळदा लवकर सापडतो. माझी गाठ अंडाशयाबाहेर गेली नव्हती. अस्तरातही काही वाईट निघालं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, या टप्प्यावर सापडलेल्या बहुतेक बायका दहा वर्षांनीही आपापल्या कामावर असतात. पुढचं औषध काही नाही.

एक खोड मात्र आहे त्याला. तो विसरत नाही. दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी, कधीकधी वीस वर्षांनीही परत येतो. म्हणून रक्ताची तपासणी जन्मभर करत राहायची. तुझ्या नवऱ्यासारखाच, जुनं भांडण काढणारा.

मी बरी आहे. खरंच.

ताई


९ एप्रिल

ताई,

मला खरं सांगा.

हे घरी आल्यापासून शिट्टी वाजवतात. वीस वर्षांच्या संसारात यांनी कधी शिट्टी वाजवलेली नाही. मी काही विचारलं की म्हणतात, ताई ठणठणीत होणार, आणि पुन्हा शिट्टी. आईच्या वेळीही डॉक्टर असंच हसून बोलायचे. नशीबवान आहात, औषध लागू पडतंय, असं सांगायचे. मी तेव्हा विश्वास ठेवला होता.

मी आकडे वाचलेत. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी निम्म्यासुद्धा उरत नाहीत. हे छापलेलं आहे, माझ्या मनातलं नाही. आणि तुम्ही मला लिहिता, दहा वर्षं, औषध नाही, काही नाही. औषध नाही याचा अर्थ मला कळतो. उपयोग नसला की औषध देत नाहीत. तुम्ही दोघं बहीण-भाऊ मिळून मला सांभाळताय ना? मला सांभाळू नका.

मला रिपोर्ट पाठवा. तो बघितल्याशिवाय मी तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही. काळजीनं माझं वजन उतरायला हवं होतं, तर उलट पँटचा हुक लागेनासा झालाय. दोन घास खाल्ले की पोट गच्च भरतं आणि तरी हे असं. काळजीतसुद्धा माझं सगळं उलटंच.

मास्तरीण


१६ एप्रिल

मास्तरीणबाई,

रिपोर्टची प्रत सोबत जोडलीय. अक्षरन् अक्षर वाच. डॉक्टरिणीनं प्रत देताना काय सांगितलं तेही लिहिते, कारण तू लिहिलास तो आकडा मीही तिच्यापुढे टाकला.

ती म्हणाली, तो आकडा खोटा नाही, पण तो बहुतांशी दुसऱ्या प्रकाराचा आहे. जो जास्त जणींना होतो आणि पसरल्यावरच कळतो, तो तुझ्या आईचा. नाव एक असलं तरी आत निरनिराळे आजार आहेत. हे मला लगेच पटलं. सुती चादर आणि लोकरी शाल दोन्ही माझ्याकडे धुवायलाच येतात, पण एकीचं पाणी दुसरीला लावलं तर शालीचं काय होईल? मला औषध नाही, कारण सगळी गाठ अख्खी निघाली आणि मागे काही उरलं नाही. उपयोग नाही म्हणून नव्हे.

वॉर्डात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या डाव्या पलंगावर एक कॉलेजातली पोरगी होती. पोट दुखलं, एकदम वाढलं, आणि गाठ निघाली. तरुण पोरींना होतो तो प्रकार. तिचं एक अंडाशय ठेवलंय, कारण त्याला औषध चांगलं लागू पडतं आणि तिला पुढे मूलही होऊ शकेल. ती केस गळायच्या आधीच टोप्या विणत बसायची. उजवीकडे एक ग्रंथपालबाई होत्या. त्यांचाही प्रकार क्वचितचाच. पण त्यांचा पाय सुजला, रक्ताची गाठ पायात अडकली, तिथून शोधत शोधत कॅन्सर सापडला. तरुणपणापासून पाळीत पोटदुखीनं लोळायच्या, कुणी लक्ष दिलं नाही. त्यांच्यावर औषध फारसं चालत नाहीये. तेव्हा क्वचितचा म्हणजे चांगला, असंही नाही. प्रत्येकीचं वेगळं. माझ्या वाट्याला बरं आलं, आणि उजवीकडे बघून मला त्याची लाज वाटायची.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टरिणीनं विचारलं, घरात कुणाला होता का? मी म्हटलं, भावजयीच्या आईला. ती हसली, म्हणाली, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "पण तुमच्या भावजयीशी आहे. त्यांनी स्वतःला कधी दाखवलंय?"

 घरी येऊन तुझी पत्रं काढली. जानेवारीत पट्टा आवळत होता. ताटात अर्धं टाकत होतीस. मार्चमध्ये दर शिकवणीला लघवीला पळत होतीस. आता हुक लागत नाही आणि दोन घासांत पोट भरतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी, हसत हसत. मी हे सगळं वाचलं आणि एकदाही विचारलं नाही. माझं दुखणं मोठं होतं म्हणून नाही. न विचारायची सवय हाडात गेलीय म्हणून.

परीक्षा होत्या म्हणून तू आली नाहीस, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. तुला त्या वॉर्डात पाऊल टाकवत नाही, मला ठाऊक आहे. मी रागावलेली नाही. पण आता दुकानाचा नियम मोडते. तुझं पोट कधीपासून फुगतंय? आणि आणखी काय होतंय जे तू लिहिलं नाहीस?

ताई


२० मे

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा तुमचा राग आला. मी तुमची काळजी करत होते आणि तुम्ही गाडी माझ्याच अंगावर वळवलीत असं वाटलं. नंतर राग सरला आणि नुसती भीती राहिली. ती तिथे आधीपासूनच होती.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पोट मागच्या उन्हाळ्यापासून फुगतंय. तुमचं पहिलं पत्र यायच्या आधीपासून. आईचं पोट असंच होतं हे मला रोज कपडे घालताना दिसत होतं. तुम्हाला डॉक्टरकडे जा म्हणून ओरडले, तेव्हा माझं मलाच ऐकू येत होतं, पण तुमच्यावर ओरडणं सोपं होतं. आणि जे लिहिलं नाही ते हे, की मलाही मधेच, पाळी नसताना, डाग दिसायचे. मी चादर धुतली. तुम्ही शिकवलं होतं तशी, गार पाण्यात, मीठ घालून. यांना कधी कळलंही नाही.

शेवटी एका शिकवणीत गाडी कडेला घेतली आणि शिकणाऱ्याला म्हटलं, मला दवाखान्यात सोड. बिचाऱ्यानं घाम पुसत सोडलं. वाटेत मी एकदाही ब्रेक दाबला नाही. गाठ आहे, उजवीकडे, मोठी. पोटात थोडं पाणीही आहे. ऑपरेशन येत्या मंगळवारी. कसली आहे ते काढल्यावरच कळेल, आणि मी रात्रंदिवस त्या छापील आकड्यांत स्वतःला शोधत बसते.

हे आता शिट्टी वाजवत नाहीत. त्यावरून मला कळलं, तुमच्या वेळी ते खरंच आनंदानं वाजवत होते.

मी तुमच्या वेळी आले नाही. तरीही म्हणते, ताई, तुम्ही या. त्या वॉर्डात मला एकटीला आत जाता येणार नाही.

मास्तरीण


२२ मे

माझ्या बाई,

दुकानाला कुलूप लावलंय. हॉटेलवाल्यांना सांगितलं, चादरी दुसरीकडे द्या किंवा उलट्या करून अंथरा. उद्या सकाळी निघते. हे पत्र आणि मी बहुतेक एकदमच पोचू, तरी लिहितेय, कारण मी पुन्हा तीच चादर मोडून घडी घालत बसलेय आणि लिहिताना ते जरा थांबतं.

तुला खोटं सांगणार नाही. चांगलंच निघेल असं म्हणत नाही, कारण मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि जे छापतात त्यांना तुझी गाठ माहीत नाही. प्रकार कळेपर्यंत एकही आकडा वाचायचा नाही. तो कळला की दोघी मिळून वाचू, कसाही असला तरी. वॉर्डाच्या दारातून मी पुढे जाईन, तू माझ्या मागून ये. आत पाऊल टाकायला सोपं जातं, कुणाची तरी पाठ दिसली की.

एकच काम सांगते. मी येईपर्यंत काहीही धुवू नकोस. चादर, कपडे, काहीही असलं तरी तसंच राहू दे, आणि मीठ डब्यात ठेव. मी येऊन विचारीन, आणि तू सांगशील.

तुझी,
ताई